तीन दिवसांची चावी

पन्नास लाखांचं घड्याळ म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? माझ्या डोळ्यांसमोर आधी आमचा वन रूम किचन आला, मग माझं पासबुक आलं, आणि मग मला जाम हसू आलं. झालं असं, की आमच्या फीचर्स एडिटरचा फोन. ‘ऐक ना, दिवाळीच्या आधी लक्झरीवर काहीतरी हटके दे. तेच ते परफ्यूम आणि हँडबॅग नको.’ फ्रीलान्सरला ‘नाही’ म्हणायची चैन परवडत नाही, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. गेल्या महिन्यात मी पावसात भिजलेल्या ऑफिसच्या बुटांवर बाराशे शब्द लिहिलेत. त्या मानाने घड्याळ म्हणजे प्रमोशनच की!

आणि योगायोग बघा, त्याच आठवड्यात बाबांचं घड्याळ बंद पडलं.

बाबांचं घड्याळ म्हणजे एचएमटी जनता. पांढरी डायल, सेकंदाचा सडपातळ काटा, खाली बारीक अक्षरांत ‘१७ ज्युएल्स’. बॅटरी-बिटरी काही नाही, रोज चावी द्यायची. बाबा ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत टूलरूममध्ये होते. १९८५ साली पर्मनंट झाले, तेव्हा त्यांनी हे घेतलं. तेव्हापासून रोज सकाळी आंघोळ, देवाला नमस्कार, मग खिडकीपाशी उभं राहून चावी, मग चहा. मी जन्मल्यापासून या क्रमात बदल झालेला नाही. लहानपणी तर मला वाटायचं, बाबांनी चावी दिली की मगच आमच्या सोसायटीतला दिवस सुरू होतो.

‘दुपारी तीनच्या सुमाराला थांबतंय गं,’ बाबा म्हणाले. ‘स्टेशनकडे जाशील तेव्हा घड्याळजींना दाखवून ये.’

आता घड्याळजींकडे जाणं हा खरं तर बाबांचा आवडता कार्यक्रम. तिथल्या स्टुलावर बसून अर्धा तास गप्पा मारल्याशिवाय ते परत येत नाहीत. या वेळी मला का पाठवतायत, हा प्रश्न मला पडायला हवा होता. नाही पडला. डेडलाइन होती.

तर, पन्नास लाखवाल्याचं नाव झेनिथ जी.एफ.जे. जिनिव्हाला दरवर्षी घड्याळांची मोठी जत्रा भरते, वॉचेस अँड वंडर्स नावाची. तिथे एप्रिल २०२५ मध्ये हे पहिल्यांदा दाखवलं. किंमत ४८,९०० स्विस फ्रँक, म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने आपले पन्नास लाखांच्या आसपास. केस प्लॅटिनमची, व्यास ३९.१५ मिलिमीटर. हल्ली लोक मनगटावर ताटं बांधून फिरतात, त्या मानाने एकदम सभ्य साइझ. नग फक्त १६०. का १६०? तर कंपनीला १६० वर्षं झाली म्हणून. जी.एफ.जे. म्हणजे जॉर्ज फाव्र-जाको. या गृहस्थांनी १८६५ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, स्वित्झर्लंडमधल्या ल लोक्ल नावाच्या गावात कारखाना काढला. बावीस! बाविसाव्या वर्षी मी मास कॉमच्या सबमिशनसाठी रात्री अकरा वाजता झेरॉक्सवाला शोधत होते.

आपल्याकडे झेनिथ हे नाव अगदीच परकं नाही बरं का. गांधीजी कमरेला जे खिशातलं घड्याळ लटकवायचे, ते झेनिथचं. चांदीचं, गजराचं. १९४७ मध्ये कानपूर स्टेशनवर ते चोरीला गेलं आणि सहा महिन्यांनी चोराने स्वतः येऊन माफी मागून परत केलं, असा त्याचा किस्सा आहे. मार्च २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ते, त्यांचा चष्मा, चपला, वाटी आणि ताटली असं सगळं मिळून १८ लाख डॉलरला गेलं. घेणारे कोण? विजय मल्ल्या. असो.

मी हे जी.एफ.जे. प्रत्यक्ष पाहिलेलं नाही, हे आधीच कबूल करते. फोटो पाहिले, व्हिडिओ पाहिले, आणि रात्री एक वाजेपर्यंत झूम करकरून पाहिले. कारण त्याची डायल! कडेच्या गोलावर विटांसारखी नक्षी कोरलीय, कारखान्याच्या विटांच्या इमारतीची आठवण म्हणून. सहाच्या जागी छोटा सेकंदकाटा, त्याच्या खाली शिंपल्याची चमकती चकती. आणि मधोमध दगड. गर्द निळा, रात्री गच्चीत आडवं पडल्यावर दिसतं तसा, आणि त्यात सोनेरी ठिपके. कुणी ब्रश झटकून पाडलेले नाहीत, दगडातच आलेले. याला म्हणतात लॅपिस लाझुली. संस्कृतात राजावर्त, फारसीत लाजवर्द. ते ठिपके म्हणजे पायराइट, लोखंड आणि गंधक यांचं खनिज. सोनं नव्हेच ते. पण त्या निळ्यावर सोन्याहून बरं दिसतं.

आई माझ्या खांद्यावरून बघत होती. ‘एवढ्या पैशात तारीख तरी दाखवतं का?’

नाही दाखवत. तास, मिनिटं, सेकंद. बास. जनताही तेवढंच दाखवतं, हे ती बोलली नाही, पण चेहऱ्यावर होतं.

या दगडाची स्टोरी मात्र सॉलिड आहे. अफगाणिस्तानातल्या बदख्शान प्रांतात सर-ए-संग नावाच्या जागी याच्या खाणी आहेत. तिथून सहा हजारांहून जास्त वर्षं हा दगड निघतोय. इजिप्तच्या तुतनखामेनच्या सोन्याच्या मुखवट्यावर डोळ्यांभोवती जी निळी रेघ आहे, ती याचीच. आणि इतकं लांब कशाला, आपलं अजिंठा घ्या. पाचव्या शतकात तिथे चित्रं काढणाऱ्यांकडे गेरू होता, पिवळी माती होती, हिरवी माती होती, काजळी होती. निळा रंग काही आसपासच्या डोंगरात मिळेना. तो आला बदख्शानहून, हाच दगड कुटून. शाळेच्या ट्रिपला आम्ही अजिंठ्याला गेलो होतो. लेण्यात पोरींच्या रांगेत उभं राहून मी पाणीपुरीचा विचार करत होते, ही गोष्ट वेगळी.

युरोपात हा रंग समुद्रापलीकडून यायचा, म्हणून त्याचं नाव अल्ट्रामरिन. भाव सोन्याच्या बरोबरीचा. मग १८२० च्या दशकात फ्रान्समध्ये तो कारखान्यात बनवायची युक्ती सापडली आणि भाव धाडकन खाली. इतका खाली, की पुढे तो थेट आपल्या मोरीत पोचला. पांढऱ्या कपड्यांना घालायची निळीची पूड आठवतेय? केमिस्ट्री तीच! म्हणजे आईने माझे शाळेचे पांढरे शर्ट वर्षानुवर्षं तुतनखामेनच्या रंगात बुचकळून काढले.

पण रंग वेगळा आणि दगड वेगळा. दगडाची डायल करणं हे भलतंच नाजूक प्रकरण. आधी पातळ चकती कापायची, मग घासून घासून एक मिलिमीटरच्याही आत आणायची, मागे धातूचा पत्रा चिकटवायचा, आणि मग काट्यांसाठी मधोमध भोक पाडायचं. भोक पाडताना तडकली की गेली. त्यात लॅपिस म्हणजे एक खनिज नव्हे, तीन-चार खनिजं एकत्र आलेला खडक. कुठे कडक, कुठे मऊ, मध्येच पांढरी शीर. शिवाय घड्याळाच्या पोटात जागा कुठे असते? म्हणून दगडी डायलची फॅशन सुरू झाली ती साठच्या दशकात, पियाजे कंपनीकडून. कारण त्यांनी १९५७ मध्ये अवघं दोन मिलिमीटर जाडीचं यंत्र काढलं होतं. यंत्र बारीक, म्हणून दगडाला जागा. जॅकी केनेडीकडे पियाजेचं हिरव्या जेडच्या डायलचं घड्याळ होतं. हल्ली तर अनेक छोट्या कंपन्या याच्या कितीतरी कमी पैशात दगडी डायल देतात.

आणि म्हणूनच ‘लिमिटेड एडिशन’ हा शब्द मला इथे जरा फुकटचा वाटतो. तसाही तो हल्ली फार स्वस्त झालाय. आइस्क्रीम लिमिटेड एडिशन, चपला लिमिटेड एडिशन, आमच्या जिमची मेंबरशिपसुद्धा! एकशेसाठ हा वाढदिवसाच्या केकवरचा आकडा झाला. दगडाची एडिशन दगडाने आधीच ठरवलेली असते, एक. दोन चकत्यांवर ठिपके सारखे पडतच नाहीत.

इथपर्यंत लिहून मी स्वतःवर टोटल खूश होते. रात्री जेवणं झाल्यावर बाबांना वाचून दाखवलं. बाबांनी शांतपणे ऐकलं. अजिंठ्याला मान हलवली, निळीला हसले. मग म्हणाले,

‘दगड झाला. आत काय आहे?’

टूलरूमच्या माणसाला डायल दाखवून गप्प करता येत नाही. मी परत लॅपटॉप उघडला. आणि बॉस, खरी स्टोरी तिथे निघाली.

आतल्या यंत्राचं नाव कॅलिबर १३५. नाव कसलं, मापच ते. १३ म्हणजे १३ लीन्य, घड्याळवाल्यांचं जुनं फ्रेंच माप, साधारण ३० मिलिमीटर व्यास. ५ म्हणजे ५ मिलिमीटर जाडी. (‘ड्रॉइंग नंबर म्हण की,’ बाबा.) एफ्रेम जोबँ नावाच्या माणसाने चाळीसच्या दशकात हे डिझाइन केलं, तेही दुकानासाठी नाही, स्पर्धेसाठी. तेव्हा स्वित्झर्लंडमधल्या न्यूशातेलच्या वेधशाळेत घड्याळांची परीक्षा असायची. वेधशाळा म्हटल्यावर आपल्याला कुलाबा आणि ‘मुसळधार पावसाचा इशारा’ आठवतो. तिथली वेधशाळा ताऱ्यांवरून नेमकी वेळ काढायची आणि त्या वेळेशी घड्याळं ताडून बघायची. एक-दोन दिवस नाही, सुमारे दीड महिना! उभं ठेवून बघ, आडवं ठेवून बघ, पालथं ठेवून बघ, थंडीत ठेव, गरम पेटीत ठेव, आणि रोज लिही, किती सेकंद चुकलं.

मनगटी घड्याळाच्या गटात व्यासाची मर्यादा ३० मिलिमीटरची होती. म्हणून जोबँने पुरेपूर ३० घेतले, आणि एक भन्नाट आयडिया केली. मिनिटाचं चाक एरवी बरोबर मध्यात असतं. त्याने ते बाजूला सरकवलं. त्यामुळे दोन गोष्टींना ऐसपैस जागा झाली. एक, स्प्रिंगचा डबा, ज्यात आपण दिलेली चावी साठते. दुसरं, बॅलन्स व्हील, म्हणजे ते सतत पुढे-मागे झुलणारं चाक, घड्याळाचं हृदयच म्हणा. ते जितकं मोठं, तितकं बारीकसारीक धक्क्यांनी कमी बिचकतं.

इथे बाबा पुढे सरकून बसले. ‘सेंटर सोडला त्याने? मग काटा कसा फिरवला?’ पुढची पंधरा मिनिटं आमच्या डायनिंग टेबलावर स्टीलच्या वाट्या आणि झाकणं मांडून गिअर ट्रेनचं प्रात्यक्षिक झालं. मला निम्मं कळलं. तुम्हाला सांगत बसत नाही.

१३५ ची खास स्पर्धेची आवृत्ती होती १३५-ओ. ही कधी दुकानात आलीच नाही, फक्त वेधशाळेत जायची. १९५० ते १९५४, सलग पाच वर्षं पहिला नंबर. सगळी मिळून बक्षिसं २३० हून जास्त. आता मला सांगा, ही बक्षिसं यंत्राची की माणसाची? कारण त्या पाच वर्षांत स्पर्धेची यंत्रं तयार करणारी माणसं दोन होती, शार्ल फ्लेक आणि रने गिगाक्स. यांचं काम नवीन काही बनवायचं नव्हतंच. बनलेलं यंत्र घेऊन बसायचं, केसाएवढ्या स्प्रिंगला कणभर वळण द्यायचं, चाकावरून कणभर वजन उतरवायचं, बंद करून ठेवायचं, उद्या बघायचं, परत उघडायचं. सेकंदाच्या बारक्या तुकड्यासाठी दिवसच्या दिवस.

घड्याळाच्या नावात मात्र अक्षरं मालकाची. जी, एफ, जे. मला ते लगेच खटकलं. चार वर्षं मी बिल्डरांची ब्रोशर लिहितेय, साहेबांची मनोगतं लिहितेय, एका डॉक्टरांचं आख्खं पुस्तक लिहिलंय. खाली नाव कुणाचं, ते विचारू नका. फ्लेक आणि गिगाक्स ही नावं मी मुद्दाम दोनदा लिहितेय, त्यामागे हा पर्सनल स्कोअर आहे.

२०२२ मध्ये कंपनीने त्या बक्षीसवाल्या जुन्या यंत्रांपैकी दहा बाहेर काढली. कारी व्हूतिलाइनेन या नावाजलेल्या घड्याळजीकडून त्यांच्यावर हात फिरवून घेतला आणि फिलिप्स या लिलाव कंपनीच्या साथीने दहा घड्याळं विकली. २०२५ च्या जी.एफ.जे.मध्ये मात्र जुनं काही नाही, १३५ नव्याने बनवलंय. ठोके जुन्यासारखेच, सेकंदाला पाच. दिवसाला फार तर दोन सेकंद इकडेतिकडे. दिवसाचे सेकंद किती? ८६,४००. त्यात दोन! आणि एकदा पूर्ण चावी दिली की चालतं ७२ तास.

‘तीन दिवस?’ बाबांनी विचारलं.

‘तीन दिवस.’

‘बरंय,’ ते म्हणाले, आणि उजव्या हाताची बोटं डाव्या मुठीत धरून बसून राहिले. मला वाटलं, आकडा आवडला.

याच कारखान्यातला आणखी एक माणूस मी बाबांना सांगितला. २५ डिसेंबर १९६९ ला जपानच्या सायकोने पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आणलं. त्यानंतर चावीच्या घड्याळांची जी वाट लागली, ती तुम्हाला माहितीच आहे. तेव्हा झेनिथ एका अमेरिकन कंपनीच्या ताब्यात होती. १९७५ साली वरून हुकूम आला. यंत्रं बनवणं बंद, हत्यारं-साचे विकून टाका. शार्ल व्हेर्मो नावाच्या कारागिराने काय केलं? कामाचे तास संपल्यावर एल प्रिमेरो नावाच्या यंत्राचे साचे, कटर, कागद असं सगळं थोडं थोडं करून माळ्यावर नेऊन लपवलं. लेबलं लावून, यादी करून. नऊ वर्षांनी, १९८४ मध्ये, कंपनीला ते यंत्र परत बनवायचं होतं, तेव्हा माळा उघडला. नव्याने सगळं करायचं तर परवडलंच नसतं.

मला वाटलं बाबा म्हणणार, वा! ते उठून पाणी प्यायले. मग म्हणाले, ‘आमच्याकडे माळा नव्हता. डाया किलोवर गेल्या.’

त्यांची कंपनी २००८ मध्ये बंद झाली. मी तेव्हा शाळेत होते. बाबांनी नंतर दहा वर्षं लोकांच्या वर्कशॉपमध्ये काम केलं, त्याबद्दल ते बोलतात. त्या शेवटच्या आठवड्याबद्दल मी हे एवढंच वाक्य ऐकलंय, आणि तेही परवा.

शनिवारी घड्याळजींकडे गेले. स्टेशनजवळच्या गल्लीत, झेरॉक्स आणि मोबाइल कव्हरवाला यांच्यामध्ये त्यांचं काचेचं टेबल आहे. डोळ्याला भिंग लावलेलं, समोर चिमटे, ब्रश, आणि ड्रॉवरभर मेलेली एचएमटी. सुट्टे भाग त्यातूनच काढतात. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या मदतीने बंगळुरात सुरू झालेल्या या सरकारी घड्याळांचा कारभार गुंडाळायचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ मध्ये घेतला. ‘पण लोक सोडत नाहीत ना ताई,’ ते म्हणाले. मागचं झाकण उघडून त्यांनी मला आत बघू दिलं. इवलंसं चाक झुलत होतं आणि आजूबाजूला लालचुटूक ठिपके. ‘रुबी,’ ते म्हणाले. ‘सतरा आहेत.’

म्हणजे ‘१७ ज्युएल्स’ हे खरंच होतं तर! मी आयुष्यभर ती जाहिरात समजत होते. चाकांचे आस फिरताना झिजू नयेत म्हणून ते माणकाच्या भोकात बसवतात. खाणीतलं माणिक नाही, कारखान्यात बनवलेलं. ऑग्युस्त व्हर्नोई नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९०२ मध्ये पद्धत जाहीर केली, आणि पुढे ते इतकं स्वस्त झालं की एचएमटी जनतालाही परवडलं. नीळ काय, माणिक काय, राजाच्या घरचं आपल्याकडे असं फिरून फिरून येतं.

‘ठेवून जा,’ ते म्हणाले. ‘बघतो चालवून. सोमवारी या.’

सोमवारी गेले. घड्याळ त्यांच्या टेबलावर टिकटिकत होतं.

‘याला काहीच झालेलं नाही. शनिवारी तुमच्यासमोर चावी दिली, काल रात्रीपर्यंत चाललं. मिनिटभर मागे पडलं असेल.’

‘मग दुपारी का थांबतं?’

‘चावी पूर्ण बसत नाहीये. पंचवीस-तीस वेळा फिरवायला लागते. सात-आठ वेळाच फिरवली तर दुपारपर्यंतच चालणार ना.’ त्यांनी भिंग डोळ्यावरून काढलं. ‘घरी चावी कोण देतं?’

‘बाबाच.’

‘हाताला कंप आहे का त्यांच्या?’

मी नाही म्हणणार होते. मग मला गेले काही महिने एकेक करून दिसायला लागले. बाबा हल्ली घरात टी-शर्टच घालतात, बटणं नसलेले. चहा कपातून नाही, स्टीलच्या ग्लासातून घेतात आणि ग्लास दोन हातांनी धरतात. पेपरातलं शब्दकोडं ‘तू लिही, मी सांगतो’ असं झालंय. वाट्या-झाकणांचं प्रात्यक्षिक झालं त्या रात्री शेवटची वाटी मी ठेवली होती. डाव्या मुठीत धरलेली उजवी बोटं. मी पत्रकार आहे. निरीक्षण हा माझा धंदा आहे म्हणे. फोटोत पायराइटचे ठिपके मोजत बसले होते मी.

घड्याळजींनी पैसे घेतले नाहीत. ‘काम काय केलंय?’ म्हणाले.

घरी येऊन मी खोटं बोलले. ‘तेल सुकलं होतं. ऑइलिंग केलंय.’ बाबा ‘हं’ म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी सहाचा अलार्म लावून उठले. (माझ्या आयुष्यात ही लिमिटेड एडिशन घटना आहे.) बाबा आंघोळीला गेल्यावर देवघराशेजारचं घड्याळ उचललं आणि चावी दिली. मोजून एकोणतीस, अडेपर्यंत. जागच्या जागी ठेवून परत पांघरुणात. बाबा आले, नमस्कार केला, खिडकीपाशी गेले. आणि मला एकदम लक्षात आलं, की पूर्ण दिलेली चावी पुढे फिरतच नाही! चाळीस वर्षं हीच चावी देणाऱ्या टूलरूमच्या माणसाच्या बोटांना ते कळणार नाही?

बाबा बराच वेळ पाठमोरे उभे होते.

‘तू दिलीस?’

‘हो.’

‘ऑइलिंग-बिइलिंग काही केलेलं नाही त्याने.’

‘नाही.’

खाली दूधवाल्याची सायकल गेली. आईने कुकर लावला.

‘सगळी नको देत जाऊस,’ बाबा म्हणाले. ‘सात-आठ माझ्यासाठी ठेव.’

आता मी रोज बावीसला थांबते. घड्याळ रात्री झोपताना पण चालू असतं. गुरुवारी न्यूरॉलॉजिस्टची अपॉइंटमेंट घेतलीय, सव्वाअकराची. बाबा म्हणतायत, अकरालाच पोचू.